तळपायाचा फोटो

सायकलवाल्यांचा जथा कुठे थांबला की आधी काय होतं, हे तुम्ही रस्त्यानं जाताना पाहिलं असेल. हेल्मेटं निघतात, मोबाइल निघतात आणि माणसं हात लांब करून आपापलं तोंड बघायला लागतात. आमच्यातले एक जण मात्र रस्त्याकडेच्या दगडावर बसायचे, बूट काढायचे, मोजे काढायचे, खिशातून हातआरसा काढायचे आणि आपले तळपाय बघायचे. आधी उजवा, मग डावा. आरसा फिरवून, मान वाकडी करून, डोळे बारीक करून. मग स्वतःशीच म्हणायचे, "हाय की. सगळं ठीक हाय."

नव्या माणसाला वाटायचं, काटा शोधताहेत. "काटा लागला का, सर?" असं कुणी विचारलं की ते हसायचे.

"लागल्यालं कळत आसतं तर आरसा कशाला आणला आसता?"

आमच्या ग्रुपमध्ये सगळेच एकमेकांना सर आणि मॅडम म्हणतात. किराणा दुकानदारही सर, हाडांचे डॉक्टरही सर आणि दहावीला तीनदा बसलेलाही सर. हेल्मेट डोक्यावर चढलं की सोलापुरात माणसाला आपोआप बढती मिळते. फक्त यांना सगळे मास्तर म्हणायचे, कारण ते खरंच मास्तर होते, कापड बेतणारे. पूर्व भागात त्यांचा शाळेचे गणवेश शिवायचा लहानसा कारखाना होता. खाली मशीनं, वर घर. घरात तेलुगू, दारात मराठी आणि चिडले की दोन्ही एकदम.

शुगर त्यांना फार वर्षांची. तिनं हळूहळू पायांतली जाणीव खाऊन टाकली होती. ते कळलं कसं, हे मास्तर स्वतःच रंगवून सांगायचे. कारखान्याच्या फरशीवर टाचण्या पडलेल्या असायच्याच. एकदा दिवसभर उभं राहून बेतकाम केलं आणि संध्याकाळी वर गेले, तर बायको किंचाळली. जिन्यावर पायरीपायरीला रक्ताचा ठिपका. टाच उलटी करून बघितली तर टाचणी बोंडापर्यंत आत गेलेली.

"आन् मी तिलाच इचारतोय, कुणाला लागलं गं?" असं म्हणून ते टाळी मागायचे. आम्ही टाळी द्यायचो. यात हसण्यासारखं काय आहे, असा प्रश्न टाळी दिल्यावर पडायचा.

त्यांच्या थोरल्या भावाचा पाय असाच गेला होता. आधी एक बोट, मग चवडा, मग गुडघ्यापर्यंत. भाऊ नंतर बरीच वर्षं जगले, पण खिडकीत बसून. कोण आलं, कोण गेलं, भाजीवाल्यानं आज काय आणलं, एवढंच. मास्तरांना मरणाची भीती नव्हती, त्या खिडकीची होती. "पाय गेला की रविवार गेला," असं ते म्हणायचे. आठवडाभर शाळांच्या पँटी बेतणाऱ्या त्या माणसाला रविवारची सायकल म्हणजे काय होती, हे आम्हाला वेगळं सांगावं लागलं नाही.

डॉक्टरांनी लांब चालायला मनाई केली होती, कारण त्यानं तळपाय घासतो. सायकल चालेल म्हणाले. पण घरात डॉक्टरांपेक्षा वरचं कोर्ट होतं. शेवटी नवराबायकोत तह झाला: प्रत्येक थांब्यावर बूट काढून तळपाय बघायचे आणि त्यांचा फोटो काढून बायकोला पाठवायचा. फोटो आला नाही तर पुढचा रविवार बंद.

त्यातूनच तो आमच्यातला प्रसिद्ध घोटाळा झाला. अक्कलकोट रोडला चहाला थांबलो असताना मास्तरांनी फोटो काढला आणि बायकोऐवजी ग्रुपवर टाकला. पडद्यावर दोन तळपाय, टाचांच्या भेगांसकट, आणि खाली लिहिलेलं, "सगळं ठीक हाय. काळजी करू नको. भात लाव." ग्रुपमध्ये शहरातले बरेच प्रतिष्ठित लोक आहेत. एका वकील सरांनी अंगठा दाखवला. एका मॅडमनी "छान" लिहिलं. हाडांच्या डॉक्टरांनी विचारलं, "भात कुणी लावायचा?"

मास्तर इतके लाजले की चहा अर्धा टाकून उठले. पुढच्या रविवारी त्यांनी फोटो बरोबर बायकोलाच पाठवला, तर ग्रुपवर विचारणा सुरू. "मास्तर, पाय कुठायत?" तेव्हापासून राइडच्या फोटोंमध्ये शेवटचा फोटो मास्तरांच्या तळपायांचा, हा रिवाजच पडला. तो आल्याशिवाय राइड संपली असं कुणी मानायचं नाही.

मी या लोकांत कशी आले तेही सांगायला हवं. माझं सात रस्त्याजवळ चष्म्याचं दुकान आहे. आधी ते आम्हा दोघांचं होतं. नवऱ्यानं हौसेनं गिअरची सायकल घेतली, चार रविवार चालवली आणि मग ती गॅलरीत टॉवेल वाळवायच्या कामाला लागली. एका सकाळी दुकानात गिऱ्हाइकाशी बोलता बोलता तो गेला. मी रडले नाही. लोक म्हणाले, धक्का बसलाय, रडेल सावकाश. वर्षश्राद्ध झालं तरी मी रडले नव्हते. भूक लागायची, झोप लागायची, गिऱ्हाइकांशी हसून बोलणं व्हायचं. आत मात्र काही हलत नव्हतं. नणंद म्हणाली, ती सायकल तरी काढून टाक. मी टॉवेल काढले आणि सायकल खाली आणली. का आणली ते मला अजूनही सांगता येणार नाही.

गटात मी मागे असायची आणि मास्तरही मागे. त्यामुळे आमची ओळख झाली. त्यांच्याकडे आधी बायकोच्या पावडरच्या डबीतला आरसा होता. तो हिप्परग्याच्या रस्त्यावर खड्ड्यात आपटून फुटला, तेव्हा मी त्यांना दुकानातला मुठीचा आरसा दिला, फ्रेम लावून बघायला गिऱ्हाइकांना देतो तो. त्यांनी तो हातात घेऊन आधी स्वतःचा चेहरा बघितला. "आयला, म्हातारा झालो की," म्हणाले, आणि लगेच बूट काढायला बसले.

त्याच सकाळी हिप्परग्याच्या तलावाच्या बांधावर बसलो होतो. पाणी खूप आटलं होतं. बाकीचे लांब कुठल्यातरी पक्ष्याचे फोटो काढत होते. मी कुणाशी असं बोलत नाही, पण त्या दिवशी बोलले.

"मास्तर, मला हल्ली काही जाणवतच नाही. मिस्टर गेल्यापासून. ना दुःख, ना काही."

मास्तरांनी मोजा चढवता चढवता माझ्याकडे बघितलं. तोंड अगदी गंभीर.

"मॅडम, शुगर तपासली का?"

मला हसावं का रडावं कळेना, म्हणजे दोन्ही येत नव्हतंच. पण ते थट्टा करत नव्हते. "हयगय करू नगा. माझं बी आसंच सुरू झालं. उपाशीपोटीची आन् जेवल्यानंतरची, दोन्ही करून घ्या." मी त्यांच्या समाधानासाठी तपासून घेतली. नॉर्मल निघाली. पुढच्या रविवारी त्यांना तसं सांगितलं, तर ते खट्टूच झाले. "मग दुसरं काय तरी आसंल," म्हणाले आणि बराच वेळ विचार करत सायकल मारत राहिले. त्यानंतर दर रविवारी भेटल्यावर आधी विचारायचे, "मॅडम, काय फरक?" मी म्हणायची, काही नाही. ते मान हलवायचे. सांत्वन करायचा प्रयत्न त्यांनी कधी केला नाही. मला त्यांच्याबरोबर मागे राहायला आवडायचं ते बहुतेक यासाठीच.

सायकल चालवताना त्यांचं लक्ष रस्त्यावर कमी आणि लोकांच्या कपड्यांवर जास्त. "त्यो बगा, पँट गुडघ्यात मारती." "ह्या बाईनं ब्लाउज दुसरीकडं टाकाय पाहिजे." एकदा सांगोल्याच्या लांबच्या राइडला डाळिंबाच्या बागेपाशी ते एकदम थांबले. सायकल तशीच आडवी टाकून बांधावर चढले. मला वाटलं, चक्कर आली. तर बागेत एक बुजगावणं उभं होतं, अंगात शाळेचा निळा शर्ट, उन्हानं पांढरा पडलेला. मास्तर त्याच्या पुढ्यात उभे राहून कॉलर उलटून बघत होते.

"आपलं काम हाय," ते लांबूनच ओरडले. "काज बगा, मॅडम! अजून फाटलं न्हाय!" बागेचा मालक धावत आला. हेल्मेटवाला माणूस बुजगावण्याची बटणं का लावतोय, हे त्याला समजावता समजावता आमची पंचाईत झाली. शेवटी त्यानंच आम्हाला डाळिंबं दिली. मास्तरांनी शुगरमुळे आपलं डाळिंब मला दिलं, आणि मी ते फोडेपर्यंत स्वतः त्याच्याकडे बघत राहिले.

ग्रुपची जर्सी शिवायची ठरली तेव्हा मास्तर हट्टानं म्हणाले, मी शिवणार. शाळांचा हंगाम संपला होता, कारागीर रिकामे होते. जर्सी वेळेत आल्या. रंग सुरेख, शिवण भक्कम. फक्त खिसा छातीवर, डाव्या बाजूला, आणि त्यावर ग्रुपचा बिल्ला. अगदी शाळेसारखा. सायकलवाल्यांचे खिसे पाठीवर असतात, कारण माणूस पुढे वाकलेला असतो. पहिल्याच राइडला तुळजापूर रोडच्या चढावर सगळे वाकले आणि कुणाचा मोबाइल, कुणाच्या किल्ल्या, कुणाचा शेंगदाण्याचा लाडू टपटप रस्त्यावर. मागून येणारे आम्ही वेचत आलो.

"खिसा म्होरंच आसतो की!" मास्तर बिचारे पटवून देत होते. "इतकी वर्षं म्होरंच लावलाय." त्यांनी सगळ्या जर्सी परत नेल्या आणि पाठीला तीन-तीन खिसे लावून आणल्या. पण छातीवरचा खिसा उसवला नाही. उसवलं तर कापडाला भोकं दिसतात म्हणाले. त्यामुळे दुसऱ्या गावचे सायकलवाले भेटले की आमच्या छातीकडे बघत राहतात.

मग गेल्या उन्हाळ्यात ते झालं.

यात कुणाची चूक नव्हती, हे आधीच सांगते. मास्तरांनी एकही थांबा चुकवला नव्हता. आरसा रोज बघत होते, फोटो येत होते, आम्ही अंगठे दाखवत होतो. जखम तळपायाला नव्हतीच. ती करंगळी आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात होती, जिथे आरसा पोचत नाही. मोज्याची आतली शिवण घासली असावी, असं डॉक्टर म्हणाले. मास्तरांनी दवाखान्यात पडल्या पडल्या तो मोजा मागवून घेतला, उलटा करून शिवण बघितली आणि म्हणाले, "बेक्कार काम."

आधी दोन बोटं गेली. मग चवडा. आम्ही भेटायला जायचो आणि दर वेळी चादरीखालचा उंचवटा आखूड झालेला असायचा. शेवटी उजवा पाय गुडघ्याखाली काढला. मी दवाखान्याच्या बाकावर त्यांच्या बायकोशेजारी बसले होते. ती रडत होती, आणि मी तिची पाठ थोपटत भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. दुकान उघडायची वेळ झाली होती. मला तेवढंच दिसत होतं. असं लिहायला बरं वाटत नाही, पण होतं ते असं होतं.

ग्रुपवर उत्साहाला भरती आली. एका पायानं डोंगर चढणाऱ्या सायकलवाल्यांचे व्हिडिओ रोज येऊ लागले. खाली लिहिलेलं असायचं, "मास्तर, तुम्हीसुद्धा!" मला त्या व्हिडिओंचा राग यायचा. राग म्हणजे तरी काय, मी ते न बघता पुढे सरकवायची. मास्तर मात्र प्रत्येकाला अंगठा पाठवायचे. जयपूर फूट बसवायचं ठरलं होतं. जखम भरली की माप घेणार होते. "माप मी देणार," ते म्हणाले होते. "दुसऱ्यानं घेतल्यालं माप मला चालत न्हाय."

माप घ्यायचं राहिलंच. दिवाळीच्या आधी एका दुपारी ते जेवून आडवे झाले आणि उठले नाहीत. हृदय बंद पडलं. साखरेच्या माणसाला कधीकधी छातीतलं दुखणंही कळत नाही म्हणे. ग्रुपवर बातमी आली तेव्हा मी कुकर लावत होते. एकाखाली एक हात जोडलेली चित्रं येत गेली. मीही एक पाठवलं. मग शिट्ट्या मोजायच्या राहिल्या म्हणून अंदाजानं गॅस बंद केला. वरण कच्चं राहिलं होतं, तसंच खाल्लं.

पुढच्या रविवारी राइड गेली. दोन मिनिटं शांत उभे राहिलो, मग हिप्परग्यापर्यंत जाऊन आलो, इडली खाल्ली. शेवटी सगळ्यांचे फोटो पडले, पण राइड संपली असं कुणी लिहिलं नाही. मला वाटलं होतं, आता तरी रडू येईल. आलं नाही. मी मागे राहिले होते, एवढंच. मागे आता मी एकटीच असते.

पण त्यांच्या जाण्याआधी एका रविवारी मी राइड सोडून त्यांच्याकडे गेले होते. तीच आमची शेवटची भेट. ते घरी येऊन थोडे दिवस झाले होते. खाट खाली कारखान्यातच टाकली होती, कारण मशीनचा आवाज नसला की त्यांना करमायचं नाही. रविवार असूनही एक कारागीर कोपऱ्यात मशीनवर पँटी शिवत बसला होता. मास्तरांच्या अंगावर चादर होती, आणि उजव्या बाजूला ती गुडघ्याच्या पुढे एकदम सपाट झाली होती. तिकडे बघायचं नाही असं ठरवून मी गेले होते, त्यामुळे तिकडेच बघत होते.

"मॅडम, या की. बातमी हाय."

"काय?"

"दुखतंय."

"कुठे?"

"पायाला."

"डाव्या?"

"न्हाय. गेल्याला."

मला वाटलं, ताप चढलाय. तर ते सांगायला लागले. डॉक्टरला विचारलं, असं होतं म्हणे. पाय जातो, पण डोक्याला ते पटत नाही. "आवो, इतकी वर्षं होता तवर गप. टाचणी घुसली तरी गप. बोटं सडली तरी गप. आन् आता न्हाय तर टाच ठणकती. मुंग्या येत्यात. आंगठा तर आसा खाजतोय की काय सांगू!" त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की पेढे वाटायचे तेवढे राहिले होते.

"फार त्रास होतो?" मी विचारलं.

"लई," ते म्हणाले. हसतच म्हणाले, पण डोळे भरून आले. "झोप न्हाय बगा. पर जुना माणूस कुटनं तरी हाक मारतोय आसं वाटतंय." मग बाहीनं डोळे पुसून त्यांनी नेहमीचं विचारलं. "तुमचं काय? काय फरक?"

मी नेहमीचं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि ते आलं नाही. मला नवरा आठवला. आठवण तर रोजच यायची, चहाच्या वेळी, शटर ओढताना. ती दुखायची नाही. त्या दिवशी, मशीनच्या त्या खडखडाटात, ती दुखली. छातीत नेमकी कळ आली, जागा दाखवता आली असती अशी. त्यांनी उत्तराची फार वाट बघितली नाही, कारण त्यांचा अंगठा पुन्हा खाजायला लागला होता.

"मॅडम, एक काम करा की. जरा खाजवा."

"कुठे, मास्तर?"

"हितं." त्यांनी सपाट चादरीकडे हात केला. "हसू नगा."

मी हसत नव्हते. स्टूल ओढलं, पुढे वाकले आणि त्या रिकाम्या चादरीवर नखं फिरवायला लागले. ते डोळे मिटून सांगत होते. "तितं न्हाय. अजून खाली. आलं... न्हाय, गेलं." तेवढ्यात त्यांची बायको ताकाचा गलास घेऊन जिन्यातून खाली आली. मला एकदम ओशाळल्यासारखं झालं आणि मी हात मागे घेतला.

तिनं गलास मशीनवर ठेवला. पदरानं हात पुसून ती खाटेपाशी आली, माझं मनगट धरलं आणि माझा हात चादरीवर थोडा डावीकडे सरकवून ठेवला.

"हितं, मॅडम," ती म्हणाली. "त्यांचा आंगठा हितं हाय."